तुलना कोणाची कोणाशीं?

इंग्रजी वाक्यशुद्धीच्या परीक्षा आमच्याकडील कित्येक पदवीधर देत आले. परंतु त्या प्रश्नांकडे भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीनें पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेतलेले दिसत नाहींत. व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणाकरितां घेतली जाणारी जीमॅट ही परीक्षा १९५४ सालीं निराळ्या नांवानें सुरू झाली. तींत वाक्यशुद्धीचे जे प्रश्न पुढें रूढ झाले त्यांची घडण ठराविक असे: वाक्याचा कांहीं भाग अधोरेखित, खालीं पांच पर्याय, व त्यांतील पहिला म्हणजे मूळ शब्दांचीच पुनरुक्ति. २०२३ च्या अखेरीस निघालेल्या नव्या स्वरूपांतून हा प्रकार वगळण्यांत आला आणि २०२४ च्या जानेवारीनंतर जुनें स्वरूपही बंद पडलें. जी वस्तु व्यवहारांतून गेली तिचे गुणदोष शांतपणें पाहतां येतात. त्यांपैकीं तुलनेच्या प्रश्नांपुरताच येथें विचार कर्तव्य आहे.

या प्रश्नांचें मूळ सूत्र एकच: सजातीयाची तुलना सजातीयाशींच व्हावी. ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज मायल्डर दॅन नागपूर’ असें लिहिलें तर परीक्षक म्हणतो, तुम्ही हवेची तुलना शहराशीं केली. नागपूरच्या आधीं ‘दॅट ऑफ’ हे शब्द हवेत; अनेकवचन असल्यास ‘दोज ऑफ’. मराठी विद्यार्थी येथें हटकून अडखळतो, व त्यांत त्याचा दोष थोडा. ‘पुण्याची हवा नागपूरपेक्षां सौम्य आहे’ या वाक्यांत मराठी कानाला कांहींच खटकत नाहीं. ‘नागपूरच्यापेक्षां’ असें म्हणण्याची सोय आमच्याकडे आहे. पण ती केव्हां वापरावी हें भाषेनें बोलणाराच्या विवेकावर सोपविलें आहे.

शिकवणीवर्गांनीं यावर तोडगा काढला तो असा, कीं ‘दॅन’ दिसतांच ‘दॅट ऑफ’ असलेला पर्याय शोधावा. हा तोडगा विचाराला रजा देणारा आहे. पुणें हें शहर नागपूर या शहराहून लहान कीं मोठें, असा प्रश्न असेल तेथें ‘दॅट ऑफ’ घालणें ही उलट चूकच. ‘दॅट ऑफ’ आणि षष्ठीचा प्रत्यय हीं दोन्ही एकत्र आणणारा पर्यायही अशा घाईंत बरोबर वाटून जातो. खरी किल्ली शब्दांत नसून, काय कशाशीं ताडलें जात आहे या प्रश्नांत आहे. आमच्या अलंकारशास्त्रानें उपमेय, उपमान, साधारण धर्म व वाचक शब्द अशीं चार अंगें सांगून हाच प्रश्न फार पूर्वीं विचारला होता.

तरीही या परीक्षेवर आमचा एक आक्षेप आहे. तुलनेचे दोष दोन जातींचे असतात. एका जातींत अर्थच दुभंगतो. ‘त्याचें माझ्यापेक्षां तुझ्यावर अधिक प्रेम आहे’ हें वाक्य घ्या. माझें तुझ्यावर जितकें आहे त्याहून अधिक, कीं त्याचें माझ्यावर जितकें आहे त्याहून अधिक? इंग्रजींत ‘दॅन’नंतर ‘आय’ कीं ‘मी’ हा वाद याच गोष्टीचा; १७६२ च्या आपल्या व्याकरणांत रॉबर्ट लाउथनें त्याचा निकाल अध्याहृत क्रियापदावरून लावला. तसेंच, ‘तो वर्गांतील कोणत्याही मुलापेक्षां हुशार आहे’ असें म्हणतां तो स्वतःहूनही हुशार ठरतो. ‘इतर’ हा शब्द तेथें मराठींतही हवाच. दुसऱ्या जातींत मात्र अर्थ निःसंदिग्ध राहून केवळ रचना अपुरी असते. हवेच्या वाक्यावरून कोणीही नागपूर शहराला सौम्य समजत नाहीं. परीक्षेनें या दोहोंना एकाच मापानें मोजलें. दंडीनें काव्यादर्शांत उपमेच्या दोषांविषयीं अधिक उदार भूमिका घेतली आहे: लिंगवचनांचा भेद किंवा न्यूनाधिक्यही, जेथें जाणत्यांना उद्वेग होत नाहीं तेथें, उपमा बिघडविण्यास पुरेसें नाहीं. अर्थात् हजारों उत्तरपत्रिका एकाच न्यायानें तपासावयाच्या असतां उद्वेगाचें माप चालत नाहीं, हें परीक्षकाच्या बाजूनें मान्य केलें पाहिजे.

मग या प्रश्नांतून आम्हीं घ्यावें काय? नियम नव्हे, संवय घ्यावी. आमच्या टीकालेखनांत ‘केशवसुतांची कविता बालकवींहून निराळी’ अशीं वाक्यें सर्रास येतात. व्याकरणदृष्ट्या तीं क्षम्य आहेत. परंतु पुढच्या परिच्छेदांत टीकाकार एकाच्या कवितेशेजारीं दुसऱ्याचा स्वभाव, आयुष्य किंवा अकालीं आलेला मृत्यु ठेवूं लागतो, तेव्हां वाक्यांत गाळलेला शब्द विचारांतूनही गळालेला असतो. कवितेशीं कविताच ताडावयाची असेल तर दोघांच्या कविता समोर ठेवाव्या लागतात, वाचाव्या लागतात. तो शब्द लिहिण्याचा आळस पुष्कळदां या वाचण्याच्या आळसांतूनच आलेला असतो.