उड्डाणाची नोंद

अमूर्त चित्र म्हणजे अर्थशून्य चित्र, हा समज आपल्या मराठी मंडळींत अद्याप रूढ आहे. तांबरमला १९५४ पासून हवाईदलाची उड्डाण-प्रशिक्षकांची शाळा आहे. विमान दृष्टीआड गेल्यावर आकाशात काय उरते? चेन्नईचे मुद्राचित्रकार आर. एम. पलनिअप्पन (जन्म १९५७, देवकोट्टै) यांच्या कलेमागे हाच प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते. त्यांची रेषा वस्तूची कड नव्हे. ती अवकाशातून गेलेल्या गतीचा माग होय.

या आशयास माध्यमही अनुरूप लाभले आहे. अम्लरेखनात पत्र्यावरील रेषा आम्लाने खोल होते, दाबयंत्राखाली कागदावर उलटी उमटते, आणि पत्रा बाजूस होतो. कागद चिकटवून केलेल्या कोलाजात मूळ वस्तूचा तुकडाच समोर असतो. ठशात केवळ तिची खूण राहते.

‘डॉक्युमेंट-एक्स’ या मालिकेच्या नावावर दप्तराची छाया आहे. परंतु हा दस्तऐवज कोणतीही घटना सिद्ध करीत नाही. आमची तक्रार एवढीच, की अशी नावे कधीकधी चित्राच्या आधी बोलू लागतात. तरीही ही चित्रे आम्हां नोकरदारांनी अवश्य पाहावीत. बदलीच्या हुकुमात दोन गावांची नावे असतात; मधल्या वाटेची नोंद कोणतेही दप्तर ठेवीत नाही. ती ठेवण्याचा प्रयत्न येथे झाला आहे.