उंदराच्या पिंजऱ्यात आजी नसते

मागे परतूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने संशोधन प्रस्तावाचा मसुदा वाचायला पाठवला. पेटची तयारी चालू आहे, विषय आहे ऊसतोड कामगारांची मुलं. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप उचल घेऊन कारखान्याकडे जातात आणि शाळेतली मुलं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. पहिल्याच पानावर वाक्य होतं: ‘लहानपणी आईपासून दूर राहिल्यास मेंदूत कायमचे बदल होतात, हे सिद्ध झाले आहे.’ आधार म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेचं काम दिलं होतं. हे काम अव्वल दर्जाचं आहे, पण ते असं म्हणत नाही. मग काय म्हणतं, ते बघू.

वैद्य यांना 2015 मध्ये भटनागर पुरस्कार आणि 2022 मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन आणि लहानपणीचा ताण यांचा मोठेपणीच्या वागण्याशी काय संबंध, हा त्यांच्या संशोधनाचा एक मुख्य धागा. त्यातले दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचा.

पहिला 2011 चा, रॅटवरचा. पिल्लं जन्मल्यावर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज 3 तास आईपासून वेगळी ठेवायची. मोठी झाल्यावर अशी पिल्लं जास्त भित्री निघतात, उघड्या जागेत जायला कचरतात. या गटाने त्याच दिवसांत पिल्लांना केटान्सेरिन हे औषध दिलं. ते सेरोटोनिनचे काही ग्राहक, म्हणजे पेशीवरची कुलपं म्हणा, बंद करतं. मग आईपासून वेगळं ठेवूनही मोठेपणी ती भीती दिसली नाही.

दुसरा 2020 चा, ‘ईलाइफ’मधला, माइसवरचा. इथे उलटं केलं. पिल्लांना आईपासून तोडलंच नाही. जनुकीय बदल केलेल्या पिल्लांना असं औषध दिलं की मेंदूच्या पुढच्या भागातल्या उत्तेजक पेशी चेतवल्या जातात. दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत हे केलं, तर मोठेपणी चिंता आणि हताशेसारखं वागणं वाढलं. तेच किशोरवयात किंवा प्रौढपणी केलं, तर नाही.

म्हणजे एकदा रोखून पाहिलं, एकदा घडवून पाहिलं. आपल्याकडचे बहुतेक प्रस्ताव ‘संबंध आढळतो’ इथेच थांबतात. कारण शोधायचं तर या दोन्ही बाजूंनी जावं लागतं, हे या जोडीकडून शिकण्यासारखं आहे.

आता माझे आक्षेप. त्यातले काही निबंधांवर आहेत, काही आपल्या वाचनावर.

एक. ‘आईपासून वेगळं ठेवणं’ ही एकच गोष्ट नाही. त्यात पिल्लाला थंडी लागते, भूक लागते, आणि आई परत आल्यावर वेगळी वागू शकते. रोज 15 मिनिटंच बाजूला काढलेली पिल्लं उलट ताणाला कमी घाबरतात, हे 1950 च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसत आलंय. 1997 मध्ये मायकेल मीनी यांच्या गटाने दाखवलं की जी आई पिल्लांना जास्त चाटते, तिच्या पिल्लांत ताणाच्या संप्रेरकाची उसळी कमी असते. तेव्हा आई किती वेळ नव्हती एवढं मोजून भागत नाही. परत आल्यावर ती काय करते, हेही मोजायला हवं.

दोन. 2020 च्या निबंधाचा दावा आहे की पेशी चेतवणं एवढा बदल घडवायला ‘पुरेसं’ आहे. लेखकांनी शब्द जपून वापरलाय. प्रत्यक्ष ताणात त्या पेशी तेवढ्याच आणि तशाच चेततात का, हा प्रश्न वेगळा. तो उरतोच.

तीन. ‘हताशा’ मोजली ती पाण्यात सोडलेला उंदीर किती वेळ नुसता तरंगतो यावरून. विहिरीत पोहणाऱ्या कुणालाही विचारा, दम राखायला आपणही तरंगतो. या चाचणीच्या अर्थावर जगभर वाद आहे. म्हणून ‘नैराश्य आलं’ असं लिहू नका, ‘तरंगण्याचा वेळ वाढला’ असं लिहा.

चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. परिणाम दिसला तो अगदी सुरुवातीच्या दिवसांत. उंदराचे दिवस आणि माणसाची वर्षं यांचं सरळ गणित नसतं, तरी एवढं नक्की की गावात मागे राहणारी मुलं बहुतांशी शाळेच्या वयाची असतात. अंगावर पिणारं बाळ आईबरोबर फडावर जातं, झोळीत झोपतं. म्हणजे ज्या वयाबद्दल हा निबंध बोलतो, त्या वयातलं मूल आईपासून दूर नाहीच. त्याचा ताण असेल तर तो थंडीचा, धुरळ्याचा, आईच्या थकव्याचा. आणि मागे राहिलेल्या मुलाजवळ बऱ्याचदा आजी असते. प्रयोगातल्या पिल्लाजवळ त्या 3 तासांत सांभाळणारं कुणीच नसतं.

ही नुसती शब्दांची काटछाट नाही. ‘सिद्ध झाले आहे’ हे वाक्य प्रबंधातून बातमीत जातं, बातमीतून शाळेत. मग गुरुजी म्हणतात, आया सोडून जातात म्हणून पोरं अशी. मुकादम, उचल, कोरडवाहू रान यातलं कुणीच दोषी ठरत नाही. दोष येतो कोयता हातात घेतलेल्या बाईवर, तोही विज्ञानाच्या नावाने.

मी तिला वाक्य असं सुचवलं: ‘उंदरांत जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतल्या ताणाचे परिणाम मोठेपणीही दिसतात, मुलांमध्ये सांभाळणाऱ्या व्यक्तीनुसार काय फरक पडतो, हे आपण पाहणार आहोत.’ मग मोजायचं काय तेही ठरतं: मुलाला कोण सांभाळतं, झोप, जेवण, आणि जमलं तर लाळेतलं कॉर्टिसॉल. ते सकाळी जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं, म्हणून नमुना रोज ठरलेल्या वेळीच घ्यायचा.

तिने वाक्य बदललं. वर वयोगटाचा एक नवा रकाना टाकला, तो मलाही सुचला नव्हता.

‘ईलाइफ’ फुकट वाचता येतं. तुमच्या प्रस्तावातलं ‘सिद्ध झाले आहे’ शोधा, त्याखालचा मूळ निबंध उघडा, आणि लेखकांनी नेमकं कोणतं क्रियापद वापरलंय ते बघा.