थाळीच्या तळातली वर्तुळे

डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली प्रवरेकाठच्या नेवाशात उत्खनन केले. तिथल्या सातवाहनकालीन थरांत, आणि पुढे तेर गावच्या पांढरीतही, एका खास थाळीची खापरे मिळाली. अभ्यासक या भांड्यांना ‘रुलेटेड वेअर’ म्हणतात.

थाळी पसरट, काठ आत वळलेला, माती कमालीची बारीक. अंगावर राखाडी ते काळा तुकतुकीत लेप. बाहेरून नक्षी जवळजवळ नाहीच. ती आहे आत, तळावर. बारीक ठिपके, पाचरी, त्रिकोण यांच्या ओळी एकाच मध्याभोवती फिरतात. काही ओळींचा पट्टा, मग मोकळी जागा, मग पुन्हा पट्टा. ओल निम्मी सुकलेली थाळी चाकावर फिरत असताना दातेरी चकती किंवा लवचीक पाते टेकवून हे ठसे उमटवत. त्यामुळे ते जिवंत वाटतात. हात किंचित जड झाला की पाचर खोल जाते, हलका झाला की नुसती पुसटशी खूण राहते.

उत्तर रोमन काळात, चौथ्या ते सहाव्या शतकात, ट्युनिशियातल्या लाल लेपाच्या थाळ्यांवरही तळातच ठसे असत. आधी खजुराची पाने आणि वर्तुळे, पुढे कोकरू, कबुतर, क्रूस. त्या ठशांना श्रद्धा सांगायची होती. त्यांच्या कितीतरी आधीच्या आपल्या थाळीला फक्त लय धरायची होती, आणि ती तिने निष्ठेने धरली. चित्र नाही, चिन्ह नाही, तरी नजर तळावर खिळून राहते. मोकळी सोडलेली जागाच पट्ट्यांना उठाव देते. हा संयम मला मोठ्या कारागिरीचे लक्षण वाटतो.

१९४५ मध्ये अरिकमेडूच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी ही भांडी भूमध्य प्रदेशातून आलेली मानली. १९८०च्या दशकात विमला बेगली यांनी ती भारतीय असल्याचे मांडले. १९९७ मध्ये डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण तपासणीच्या आधारे त्यांच्या मातीचे नाते बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक परिसराशी जोडले. अशीच भांडी श्रीलंकेत, बालीत आणि इजिप्तच्या बेरेनिके बंदरातही सापडली आहेत. परदेशी ठरवलेले हे सौंदर्य इथल्याच कुंभाराच्या हातचे होते.

नेवाशाची प्रवरा ज्या गोदावरीला मिळते, ती पुढे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या दक्षिण कडेने वाहते. पलीकडच्या काठावर कोटिलिंगालला सातवाहन राजा छिमुक याची नाणी मिळाली आहेत. हा सगळा पट्टा त्याच इतिहासाचा आहे. म्हणून नांदेड-आदिलाबादकडच्या वाचकांना विनंती: नांगरताना ठशांचे खापर हाती आले, तर बांधावर भिरकावू नका. त्याचा फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.