महाविद्यालयांची प्रतवारी

बारावीचा निकाल लागला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी एकच प्रश्न निघतो : "कॉलेज कोणते चांगले?" इतर शाखांत पुढील नोकरीकडे बोट दाखवून वेळ निभावता येते, कलाशाखेत तेवढ्याने भागत नाही.

पूर्वी याचे उत्तर लौकिक देत असे, आणि तो एल्फिन्स्टन, विल्सन यांसारख्या शहरातील जुन्या संस्थांच्या वाट्यास येई. त्यांच्या मानाने उपनगरांतील महाविद्यालये वयाने लहान. जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ 1930 चे, अंधेरीचे भवन्स 1946 चे, तर मुलुंडचे वझे-केळकर 1984 चे. परंतु लौकिक ही पूर्वजांची पुण्याई होय. आज वर्गात काय चालले आहे, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून 1994 साली 'नॅक' ही संस्था निघाली व 2016 पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली, हे इष्टच झाले. नव्या संस्थांस आपली योग्यता दाखविण्याची संधी मिळाली.

तथापि या मापांतील उणीव लहान नाही. क्रमवारीत 100 पैकी 40 गुण अध्यापन व साधनसामग्री यांस असतात. पण ते ठरतात विद्यार्थ्यांची संख्या, शिक्षकांचे प्रमाण, त्यांच्या पदव्या व अनुभव आणि संस्थेचा खर्च यांवरून. स्वयंपाकघरातील भांडी मोजून जेवणाची चव ठरविण्यासारखेच हे आहे! शिवाय 10 गुण लोकमताचे. म्हणजे पुढच्या दाराने घालविलेला लौकिक मागच्या दाराने पुन्हा आत आला. 'नॅक'ची समिती संस्थेत येऊन विद्यार्थ्यांशी बोलत असे, हे खरे. परंतु अशाच एका भेटीपूर्वी आम्ही स्वतः कित्येक दिवस कागदपत्रे लावीत बसलो होतो, आणि मुलांच्या निबंधांचा गठ्ठा न तपासता टेबलावर तसाच पडून राहिला होता. त्या भेटीत आमची प्रशंसा झाली. गठ्ठ्याविषयी कोणीच विचारले नाही.

आमच्या मते खरी कसोटी त्या गठ्ठ्यातच आहे. एकाच विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा व तिसऱ्या वर्षाचा निबंध शेजारी शेजारी ठेवावा. पहिल्यात बहुधा मार्गदर्शकातील वाक्ये सापडतील. तिसऱ्यात त्याला स्वतःचे मत आहे काय, ते तो आधार देऊन मांडतो काय, विरुद्ध मतास न्याय देतो काय, हे पाहावे. या दोहोंतील अंतर हीच महाविद्यालयाची कमाई. नव्वद टक्क्यांची मुले घेऊन नव्वद टक्क्यांचीच परत करण्यात मोठेसे कर्तृत्व नाही. अडखळत लिहिणाऱ्या मुलीस विचार करून लिहावयास शिकविण्यात आहे.

ही कसोटी मोजण्यास कठीण, म्हणून ती कोणी लावीत नाही. पालकांनी मात्र ती लावावी. श्रेणीचा फलक अवश्य वाचावा. पण तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्यास गाठून त्याची तपासलेली वही पाहावयास मागावी. तिच्या समासात शिक्षकाच्या हातचे चार शब्द आढळले, तर ते कॉलेज चांगले समजण्यास हरकत नाही.