भावनानिष्ठ समतानता : इंद्रियसंवेदनांची सरमिसळ आणि विचलित अवधान

कोल्हापुरी रश्श्याला ‘झणझणीत’ म्हणताना आपण मूळच्या नादवाचक शब्दाने चवीचे वर्णन करीत असतो. ‘घमघमाट’ हा शब्द गंधाचा. परंतु त्याची घडण नादानुकारी आहे. एका इंद्रियाची संवेदना दुसऱ्या इंद्रियाच्या भाषेत व्यक्त करण्याची ही प्रवृत्ती काव्यात विशेषत्वाने आढळते. अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरील चित्र, नाद व मजकूर यांच्या गर्दीलाही ‘बहुसंवेदी अनुभव’ म्हटले जाते. या दोहोंतील भेद तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. दोन संवेदना स्वरूपतः भिन्न असूनही त्यांनी जागविलेली भावना समान असू शकते, हे तिचे मर्म होय. स्टीफन पामर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिका व मेक्सिको येथे केलेल्या अभ्यासात संगीतासाठी निवडलेले रंग त्या संगीताच्या भावछटेशी जुळणारे आढळले. मर्ढेकरांच्या विचाराला यातून बळ मिळते. तथापि, भावना हा एकमेव दुवा मानता येत नाही. वोल्फगांग कोहलर यांनी १९२९ मध्ये दाखविल्याप्रमाणे ‘टाकेटे’ हा निरर्थक शब्द टोकदार आकृतीशी, तर ‘बालुबा’ गोलाकार आकृतीशी जोडला जातो. येथे नाद व आकार यांचे नाते भावनेखेरीजही संभवते. समतानतेची ही मर्यादा समीक्षेने ध्यानात घ्यावयास हवी.

सरमिसळीत मेंदू दोन संवेदना एकत्र बांधतो. विचलनात तो एका कामावरून दुसऱ्याकडे वळत राहतो. या वळण्यात वेळ खर्ची पडतो आणि कामाचे नियम गुंतागुंतीचे असल्यास तो वाढतो, असे रुबिनस्टाइन, मायर व इव्हान्स यांनी २००१ मध्ये प्रयोगांती दाखविले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. तो स्तुत्य होय. परंतु भोंग्याने व्यत्यय थांबतो. अवधान मात्र घडवावे लागते.

ही जबाबदारी भाषेच्या अध्यापकाकडे येते. पडद्यावर कवितेचा मजकूर, त्याच ओळींचे ध्वनिमुद्रण आणि मागे हलते चित्र, अशी योजना आज ‘आधुनिक’ समजली जाते. वस्तुतः निवेदनयुक्त चलच्चित्रात तेच शब्द पडद्यावरही दिल्यास आकलन घटते, हे रिचर्ड मेयर व सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रयोगांतून दिसून आले. हे प्रयोग कवितेवरील नव्हते, हे खरे; तरीही त्यांतील इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही. गंधाला नाद देण्याचे काम कवितेतील शब्द स्वतः करीत असतो. तेथे तयार चित्र पुरविल्यास विद्यार्थ्याच्या मनात घडणारी जोडणीच खुंटण्याचा संभव असतो. म्हणून कविता प्रथम केवळ वाचावी, ऐकवावी. साधने त्यानंतर यावीत. समतानता वाचकाच्या मनात सिद्ध होते आणि तिला उसंत लागते, एवढाच येथील निष्कर्ष होय.