तार, श्रुती आणि पुंज : भातखंडे यांच्या गद्याचे एक वाचन

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे नाव संगीताच्या इतिहासात जितके अटळ, तितकेच मराठी गद्याच्या इतिहासात दुर्मीळ आहे. १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ संगीताचे विद्यार्थी संदर्भासाठी उघडतात. वाङ्मयाचे अभ्यासक ती बहुधा उघडतच नाहीत. वस्तुतः गुरु-शिष्यांच्या संवादातून उलगडत जाणारा हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी वैचारिक गद्याचा एक महत्त्वाचा नमुना आहे. मोजता येणाऱ्या गोष्टींविषयी मराठीत कसे बोलावे, आणि मोजमापाची हद्द संपली की कोठे थांबावे, याचा वस्तुपाठ त्यात सापडतो.

या विचाराची कर्मभूमी ठरली लखनौ. १९२४ आणि १९२५ या दोन्ही वर्षी अखिल भारतीय संगीत परिषद तेथे भरली आणि तिच्याच प्रेरणेतून सप्टेंबर १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज सुरू झाले. १९२८ पासून भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याची धुरा वाहिली. मुंबईत वाढलेल्या एका वकिलाने मराठीत मांडलेली पद्धती अशा रीतीने अवधच्या राजधानीत शिक्षणक्रम बनली. याच १९२६ साली झूरिक येथे एर्विन श्रोडिंगर यांनी तरंगयामिकीवरील आपले निबंध प्रसिद्ध केले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही, आणि जुळलेल्या सालातून काही सिद्धही होत नाही. परंतु अखंड कंपनातून मोजके, सुटे आकडे कसे निर्माण होतात, हा प्रश्न दोन्हीकडे होता. भातखंडे यांच्या गद्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या प्रश्नाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसतात.

नाद हा स्वभावतः अखंड आहे. षड्जापासून तार षड्जापर्यंत मींडेने जाताना कोठेही पायरी लागत नाही. तरीही परंपरा स्वर मोजते, आणि स्वरांच्या पोटात बावीस श्रुती मोजते. भातखंडे लिहू लागले त्या सुमारास या बावीस श्रुतींना नेमके आकडे देण्याचा उत्साह महाराष्ट्रात शिगेला पोहोचला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्यासह त्यांनी श्रुतींच्या हार्मोनियमचाही पुरस्कार केला. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत श्रुतींचा हा प्रश्न ऐरणीवर आला.

भातखंडे यांचा पवित्रा येथे लक्षणीय आहे. श्रुतींची संख्या ग्रंथांत आहे हे ते नाकारत नाहीत. मात्र भरत आणि शार्ङ्गदेव यांच्या वचनांतून प्रत्येक श्रुतीची तारेवरील जागा काढता येते, या दाव्याला ते पुरावा मागतात. साक्षीदार प्रत्यक्षात काय बोलला आणि त्याच्या तोंडी काय घातले गेले, यांची फारकत करणारी वकिली दृष्टी त्यांच्या प्रश्नोत्तरांत सतत जागी असते. शिष्य उत्साहाने अनुमान करतो, गुरु त्याला मूळ वचनापाशी परत आणतो आणि वचन संपले की उत्तरही संपवतो. सतराव्या शतकातील अहोबलाच्या ‘संगीतपारिजात’ ग्रंथाकडे ते वळतात तेही याच कारणाने, कारण तेथे स्वरांच्या जागा तारेच्या लांबीने सांगितल्या आहेत. छत्तीस इंचांची तार घेतली तर १८ इंचांवर तार षड्ज, २४ वर पंचम आणि २७ वर मध्यम बोलतो. हे कोणालाही घरी करून पाहता येते. अनेक पृष्ठांच्या खंडनमंडनानंतर अशी साधी तार वाचकासमोर येते, तेव्हा वादाला जमीन मिळते.

तारेच्या या साक्षीमागील भौतिकी सोपी आहे. दोन्ही टोके बांधलेल्या तारेवर कोणताही तरंग टिकत नाही. ज्याच्या अर्धलांब्या तारेत पूर्ण संख्येने मावतात तोच टिकतो. एक, दोन, तीन अशा पूर्णांकांची ही शिस्त तारेच्या द्रव्यात आधीपासून नसते, ती टोकांच्या बंधनातून येते. लुई द ब्रॉय्ली यांनी १९२४ मध्ये इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते असे मांडले, आणि श्रोडिंगर यांनी अणूतील ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांचा उगम याच जातीच्या कारणात दाखवला. कंप पावणाऱ्या तारेवरील निस्पंदांची संख्या जशी आपोआप पूर्णांकी असते, तशीच अणूतील ही पूर्णांकता आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अणूत बद्ध असलेल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जाच लाभतात. तोच मुक्त झाला की त्याची ऊर्जा पुन्हा अखंड होते.

येथे एक भेद केला पाहिजे, आणि तो भातखंडे यांच्या बाजूचा आहे. सप्तक, पंचम आणि मध्यम यांची गुणोत्तरे, म्हणजे दोनास एक, तीनास दोन आणि चारास तीन, ही तारेच्या पूर्णांकांतून सरळ निघतात. बारा किंवा बावीस हे आकडे तसे निघत नाहीत. ते कानाने, सवयीने आणि परंपरेने केलेल्या निवडीचे आकडे आहेत. अणूतील पायऱ्या निसर्गाने दिलेल्या आहेत. श्रुतींच्या पायऱ्या माणसाने स्वीकारलेल्या आहेत. देवल यांचा प्रयत्न प्रामाणिक होता, पण दुसऱ्या प्रकारच्या आकड्यांना पहिल्या प्रकारची प्रतिष्ठा देण्याकडे त्याचा कल होता. भातखंडे यांनी प्रचलित गायनासाठी बारा स्वरांची व्यवस्था पुरेशी मानली, ती व्यवहाराची सोय म्हणून. सोयीला सोय म्हणण्याचा हा संयम त्यांच्या गद्याला भारदस्तपणा देतो.

त्यांच्या सावधगिरीला तरंगांच्या गणितातही आधार सापडतो. कोणताही स्वर जितका अल्पकाळ टिकतो, तितका त्याच्या कंपनसंख्येचा पट्टा रुंद होतो. आलापात एक सेकंद ठेवलेल्या स्वराचा पट्टा सुमारे एका कंपनाचा असेल, तर सेकंदाला आठ स्वर घेणाऱ्या तानेत प्रत्येक स्वराचा पट्टा सुमारे आठ कंपनांचा होतो. सेकंदाला २४० कंपनांच्या षड्जाजवळ, सप्तकाचे २२ सारखे भाग कल्पिले तर, एका श्रुतीचे अंतर सुमारे ७.७ कंपने येते. म्हणजे वेगवान तानेतील एकेका स्वराचा पट्टा जवळजवळ श्रुतीएवढाच पसरलेला असतो. शिक्षित कान त्या पट्ट्याचा मध्य बारकाईने हेरू शकतो, हे खरे. तथापि तानेतील प्रत्येक स्वराला श्रुतीचा एकच अचूक आकडा चिकटवण्याचा आग्रह तरंगाच्या स्वभावाशीच विसंगत ठरतो. वेर्नर हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या अनिश्चिततेच्या तत्त्वामागे हेच तरंगगणित आहे. कणाचा संवेग त्याच्या तरंगलांबीशी प्लांक यांच्या स्थिरांकाने जोडला गेला, की स्थान आणि संवेग यांनाही तीच मर्यादा पडते. भातखंडे यांना हे गणित ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गाणे ऐकून आणि ग्रंथ तपासून ते ज्या थांब्यावर आले, तो थांबा योग्य होता एवढेच यातून दिसते.

त्यांच्या पद्धतीचे वैगुण्यही याच ठिकाणी उघड होते. दहा थाटांच्या वर्गीकरणात दरबारी कानडा आसावरी थाटात बसतो. पण दरबारीचा गांधार ज्या आंदोलनामुळे दरबारीचा होतो, ते आंदोलन कोणत्याही थाटाच्या चौकटीत लिहिता येत नाही. भातखंडे रागवर्णनात त्याची दखल घेतात, वर्गीकरणात मात्र त्याला जागा देऊ शकत नाहीत. सुट्या स्वरांचे गणन आणि अखंड नादाची वागणूक ही एकाच रागाची दोन वर्णने आहेत; त्यांपैकी एकच त्यांच्या शास्त्रात पूर्णत्वास गेले. दुसरे ज्यांच्या गळ्यात होते, त्या खाँसाहेबांच्या शेकडो चिजा त्यांनी कष्टाने जमवल्या, पण त्यांच्या ज्ञानाविषयी लिहिताना त्यांची लेखणी पुष्कळदा अनुदार होते. संवादातला शिष्यही गुरूला खऱ्या अर्थाने अडवत नाही. घराण्यात वाढलेला एखादा गायक या संवादात तिसरा म्हणून बसला असता, तर ग्रंथाचा विचार अधिक कसाला लागला असता.

तारेच्या उपमेलाही अशीच हद्द आहे. तारेवर हलते ती तार असते; श्रोडिंगर यांच्या तरंगात काय हलते, या प्रश्नाला तसे उत्तर नाही. माक्स बोर्न यांनी १९२६ मध्येच त्या तरंगाचा संबंध संभाव्यतेशी जोडला. दोन इलेक्ट्रॉनांचा तरंग तर नेहमीच्या तीन मितींत मावतही नाही, त्याला सहा लागतात. तारेची कंपनसंख्या ठरावीक असली तरी ती हळू छेडावी की जोराने, याला पायऱ्या नसतात. पुंजक्षेत्रात कंपनाच्या प्रत्येक प्रकाराची ऊर्जाही पायऱ्यापायऱ्यांनीच वाढते, आणि अशा एकेका पायरीलाच कण म्हणतात. १९२७ मध्ये पॉल डिरॅक यांनी प्रकाशाच्या क्षेत्राला हा विचार लावला. ज्याला मराठीत ‘पुंज’ म्हटले जाते, त्याचा खरा आशय येथे आहे, आणि तानपुऱ्याच्या तारेपाशी उभे राहून तो दिसत नाही.

ही हद्द विसरून लिहिले जाणारे गद्य मराठीत कमी नाही. नादब्रह्म म्हणजेच क्षेत्र, स्पंद म्हणजेच तरंग, अशी समीकरणे त्यात सहज मांडली जातात आणि प्राचीनांना सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढला जातो. तसे लिहिणाऱ्यांना भातखंडे यांची कसोटी लावून पाहावी : वचन कोणते, त्यातून माप निघते काय, आणि ते तारेवर दाखवता येते काय. ग्रंथप्रामाण्याच्या काळात, परंपरेवर निस्सीम प्रेम असलेल्या माणसाने ही कसोटी परंपरेलाच लावली होती.

लखनौच्या त्या संस्थेला पुढे भातखंडे यांचे नाव मिळाले. २००० मध्ये ती अभिमत विद्यापीठ झाली आणि आज भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. तेथील विद्यार्थी हा विचार ‘भातखंडे संगीतशास्त्र’ या नावाने हाथरसहून निघालेल्या हिंदी अनुवादातून वाचू शकतात. मूळ मराठी ग्रंथ मात्र ग्रंथालयांच्या संगीतविभागात उरला आहे. विज्ञानाविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्याने तो तेथून काढून वाचावा. पुंजसिद्धांताची परिभाषा त्यात सापडणार नाही. पण एखादे विधान कितपत पुढे न्यावे, हे ज्याच्याकडून शिकावे असे मराठी गद्य त्यात आहे.