रेडानचा फोटो: जिंकलेला की सोडून दिलेला?

गेल्या वर्षी मातीच्या बांधकामांवरच्या एका सेमिनारमध्ये मी जेम्स रॉबर्टसनचा 'इंटिरियर ऑफ द रेडान' हा फोटो दाखवला. खाली लिहिलं होतं: 'ब्रिटिशांनी जिंकलेला रशियन मोर्चा, सेवास्तोपोल, १८५५.' मागून कोणीतरी विचारलं, "जिंकला कधी?" मी गप्प.

कारण तो त्यांनी जिंकलाच नव्हता. ८ सप्टेंबर १८५५ ला फ्रेंचांनी शेजारचा मालाकोव्ह घेतला, पण ब्रिटिशांचा रेडानवरचा हल्ला त्याच दिवशी फसला. मालाकोव्ह गेल्यावर शहराचा दक्षिण भाग राखणं शक्य नव्हतं, म्हणून रशियन रातोरात खाडीपलीकडे निघून गेले. ब्रिटिशांच्या हाती आला तो रिकामा रेडान.

फोटो खोटं काही सांगत नाही. चूक माझीच, पण ती कशी झाली ते बघा. कॅमेरा तटाच्या आत उभा आहे, कालपरवापर्यंत रशियन गोलंदाज असायचे तिथे. आत उभं राहून घेतलेलं चित्र पाहिलं की 'आत शिरले म्हणजे जिंकले' असं आपण धरून चालतो. त्यात त्या काळी एका फोटोला काही सेकंद लागायचे, त्यामुळे हल्ला टिपणं अशक्यच. उरतं ते फक्त 'नंतर'. विल्यम सिम्पसनच्या रंगीत शिळाछापांत धूर आणि धावणारे सैनिक दिसतात खरे, पण त्याने क्रिमियात काढलेली चित्रं लंडनमध्ये दुसऱ्यांच्या हातून दगडावर उतरली, हेही धरायला हवं.

मग या फोटोचा उपयोग काय? माझ्या मते भरपूर. फांद्या विणून केलेल्या, मातीने भरलेल्या टोपल्या बघा. दगडी भिंत गोळ्यांनी फुटते. माती गोळा गिळते आणि रात्री फावड्याने पुन्हा भरता येते. टोटलेबेनचे हे मातीचे तट जवळपास वर्षभर टिकले ते त्यामुळे. उसवलेलं विणकाम, घसरलेली माती... हे रॉबर्टसनने मुद्दाम मांडलेलं नाही, म्हणून त्यावर माझा जास्त भरवसा.

रॉजर फेंटनच्या तोफगोळ्यांच्या दोन फोटोंचं असंच झालं. एकात गोळे रस्त्यावर आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा. आधीचा कोणता, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. एरॉल मॉरिसच्या शोधात निकाल लागला तो उतारावरच्या बारक्या दगडांवरून: ते एका फोटोत जरा खाली सरकलेत, म्हणजे मोकळा रस्ता आधीचा. गोळे रस्त्यावर कोणी आणले, ते मात्र दगड सांगत नाहीत. इथे बरेचजण एक पायरी जास्त चढतात आणि फेंटनवर थेट आरोप ठेवतात.

तुमच्या प्रबंधात जुना फोटो येणार असेल तर मथळा लिहिण्याआधी त्या आठवड्याच्या घटना तारखांनुसार लिहून काढा. माझ्या स्लाइडवर आता आहे: 'रेडान, रशियनांनी सोडल्यानंतर.'